जेवणानंतरची दहा वचनं

प्रश्न: आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यात राहतो. घरी मी, मिस्टर, सासूबाई आणि तीन मुलं. मोठी मुलगी तेरा वर्षांची, मधला मुलगा आठचा, धाकटी चार वर्षांची. 1 जानेवारीला ‘वर्षभरात संपूर्ण बायबल’ असा तक्ता भिंतीला लावून रात्रीचं वाचन सुरू केलं. फेब्रुवारीत लेवीय हे पुस्तक आलं आणि सगळं बंद पडलं. मिस्टरांची एमआयडीसीत शिफ्ट ड्युटी असते. सासूबाई म्हणतात, वाचायचा तर आख्खा अध्याय वाचा आणि गुडघे टेकून प्रार्थना करा. मुलं इंग्रजी माध्यमात आहेत, मराठी वाचताना अडखळतात, मग रडारड होते. मोठी सरळ ‘बोअर होतं’ म्हणते. रोज जमेल असं काही सांगा. शिवाय आठ वर्षांच्या मुलाला कोणतं बायबल घ्यावं?

उत्तर: ताई, तुमच्या घराच्या भक्तीत काही खोट नाही. खोट आहे ती त्या तक्त्याच्या हिशेबात. बायबलचे 1189 अध्याय वर्षात संपवायचे तर आठवड्याला 23 पडतात, म्हणजे सोमवार ते शनिवार रोज तीन आणि रविवारी पाच. उत्पत्तीचे 50 आणि निर्गमचे 40 अध्याय या वेगानं जानेवारी संपता संपता उरकतात. पुढ्यात येतं लेवीय: अर्पणांचे प्रकार, शुद्ध-अशुद्ध प्राणी, त्वचेवरच्या चट्ट्यांची तपासणी. लेवीय, गणना आणि अनुवाद मिळून 97 अध्याय, म्हणजे पुढचा महिनाभर चार वर्षांच्या मुलीनं मांडी घालून हेच ऐकायचं. खरं तर दम त्याआधीच लागलेला असतो. निर्गमच्या 25व्या अध्यायापासून निवासमंडपाची (उपासनेच्या तंबूची) मापं सुरू होतात आणि 35व्यापासून तीच प्रत्यक्ष कामाच्या वेळी पुन्हा येतात. लेवीयचं फक्त नाव होतं.

तीन अध्याय मोठ्यानं वाचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, त्यावर गाणं, बोलणं, प्रार्थना. अर्धा तास झाला. तो तक्ता मोठ्या माणसाच्या एकट्याच्या वाचनाला ठीक आहे. मुलांसकट बसायचं तर एका वेळी सहा ते बारा वचनं आणि सगळं मिळून दहा मिनिटं. वाचनाला दोन मिनिटं, बोलायला चार, एका कडव्याला दोन, प्रार्थनेला दोन. एखाद्या रात्री मुलं रंगली आणि ‘पुढं काय झालं?’ विचारायला लागली, तर मोह आवरा आणि ‘उद्या’ म्हणा. बहुतेक घरांत हेच अवघड जातं. मुलं ऐकतायत म्हटल्यावर मोठ्यांना हुरूप येतो, पाच वचनांची पंधरा होतात, आणि दुसऱ्या दिवशी तीच मुलं गृहपाठाचं निमित्त काढतात.

वेळ नवीन शोधू नका. रोज न चुकता होणाऱ्या कामाला वाचन जोडून द्या. झोपायच्या आधी ठरवलंत तर धाकटी तोवर पेंगलेली असते, आणि सकाळी शाळेची व्हॅन दारात उभी असते. रात्रीचं जेवण झालं, हात धुतले, की भांडी घासायला घेण्याआधी आणि टीव्ही लागण्याआधी. बायबल कपाटात कापडात गुंडाळून ठेवलेलं असेल तर ते बाहेर काढा आणि जेवता तिथून हात पुरेल अशा फळीवर ठेवा. त्यात एक खूणपट्टी, सोबत एक पेन्सिल आणि एक साधी वही. वहीचं काम पुढे सांगते.

मिस्टरांच्या शिफ्टवर वेळ बांधलीत तर दर आठवड्याला वेळ बदलेल आणि तीन आठवड्यांत पुन्हा येरे माझ्या मागल्या. वेळ मुलांच्या जेवणाची ठेवा. सेकंड शिफ्ट असेल त्या आठवड्यात ते घरी नसतील, तर वाचन तुम्ही किंवा सासूबाई घ्या. हवं तर त्यांनी निघण्याआधी त्या रात्रीची सात-आठ वचनं फोनवर रेकॉर्ड करून ठेवावीत. बाबांचा आवाज लावायला धाकटी सगळ्यांत पुढे असेल. कुटुंबप्रमुख नाही म्हणून उपासना नाही, असं मनात असेल तर नव्या करारातल्या तीमथ्याचं घर आठवा. त्याचे वडील ग्रीक होते, आणि प्रेषित पौल त्याला पत्रात त्याच्या विश्वासाचा उल्लेख करताना नावं घेतो ती आजी लोईस आणि आई युनीके यांची. हे सासूबाईंनाही आवडेल.

सासूबाईंचा मुद्दा मोडीत काढू नका. अध्याय सलग वाचण्यात अर्थ आहेच. तो त्यांनी सकाळी आपल्या वेळी वाचावा, तुम्हीही वाचा. नव्या कराराचे 260 अध्याय आहेत. आठवड्यातून पाच दिवस रोज एक, असं धरलं तर 52 आठवड्यांत बरोबर पूर्ण होतो आणि दोन दिवस राहिलेलं भरून काढायला मिळतात. रात्रीच्या बैठकीत मात्र त्यांच्याकडे दोन कामं द्या: ‘उपासना संगीता’तल्या गाण्याचं एक कडवं, कारण त्यांना ती पाठ असणार, आणि आठवड्याचं पाठांतर. एकच गाणं आठवडाभर म्हणा. रोज नवं घेतलंत तर आजी एकट्याच गातील आणि मुलं ओठ हलवतील. गुडघे टेकून प्रार्थना शनिवारी करा, इतर दिवशी बसून. सगळ्यांनी एकेक वाक्य म्हणायचं: एका गोष्टीबद्दल आभार किंवा एक मागणं. चार वर्षांची मुलगी मांजरीसाठी प्रार्थना करेल, करू द्या. आजींची मोठी प्रार्थना शेवटी न ठेवता सुरुवातीला ठेवली आणि ‘दोन मिनिटांत’ असं मुलांसमोरच हसत ठरवून टाकलं, तर कुणाचं मन दुखत नाही.

आता काय वाचायचं. मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरू करा. 16 अध्याय, येशूच्या जीवनाची गोष्ट सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत (मत्तय, मार्क, लूक, योहान) सगळ्यांत लहान, आणि घटना भराभर घडतात, लांब भाषणं कमी. पहिला अध्यायच एका आठवड्याला पुरतो. सोमवारी 1:1-8, बाप्तिस्मा करणारा योहान. मंगळवारी 9-13. बुधवारी 14-20, चार कोळी जाळी टाकून निघतात. गुरुवारी 21-28, कफर्णहूमचं सभास्थान. शुक्रवारी 29-39, शिमोनाची सासू तापानं पडलेली असते ती उठते आणि सगळ्यांची सेवा करायला लागते (आजी घरात असतील तर या रात्री बोलणं चार मिनिटांत आवरत नाही). शनिवारी 40-45, कुष्ठरोगी. रविवारी घरी वेगळं वाचन नको. चर्चमध्ये कोणता उतारा वाचला, एवढंच जेवताना विचारा. या चालीनं मार्क साधारण साडेतीन महिन्यांत होतो. पुढच्या वर्षी नाताळनंतर एखादं शुभवर्तमान हाती घेतलंत तर दुःखसहनाचा भाग ईस्टरच्या आसपास येतो. पवित्र आठवडा आला आणि तुम्ही मागेच असलात, तर सरळ उडी मारा: झावळ्यांच्या रविवारी मार्क 11:1-11, गुरुवारी 14व्या अध्यायातलं वल्हांडणाचं भोजन, शुक्रवारी 15:21-39, ईस्टरला 16:1-8. मग परत येऊन राहिलेलं वाचा.

प्रत्यक्ष एक रात्र कशी जाते ते बघा. दुसऱ्या आठवड्याचा सोमवार, मार्क 2:1-12, चौघे जण पक्षाघाती माणसाला छपरातून खाली सोडतात तो प्रसंग. दुपारी स्वयंपाक करताना उतारा तुम्ही एकदा वाचून ठेवा आणि मुलांना अडतील असे दोन-तीन शब्द हेरून ठेवा, इथं ‘पक्षाघाती’ आणि ‘दुर्भाषण’. बसल्यावर ते आधीच सांगून टाका. मग मोठ्या माणसानं उतारा सलग एकदा वाचायचा, न थांबता, मध्ये न समजावता. मुलगा शेजारी बसून ओळीवर बोट फिरवेल. छप्पर उकरलं म्हणजे काय, हे स्लॅबच्या घरात वाढलेल्या मुलाला कळत नाही. आजींना गावचं माळवद कसं होतं ते विचारा: लाकडी तुळया, वर काटक्या, वर मातीचा थर, बाजूनं जिना. त्या काळचं तिथलं घर बरंचसं तसंच होतं. मग माती खाली बसलेल्यांच्या डोक्यावर पडली असेल, हे मुलगा स्वतःच म्हणेल. लूकच्या पाचव्या अध्यायात हाच प्रसंग आहे आणि तिथं कौलं येतात. मोठीला दोन्ही शेजारी ठेवून बघायला सांगा.

प्रश्न विचारताना ‘यातून आपण काय शिकलो?’ हा विचारू नका. त्याला मुलांकडे एकच उत्तर असतं: ‘चांगलं वागायचं.’ उतारा शिमोनाचा असो की शलमोनाचा, उत्तर तेच. वचनात बोट ठेवून दाखवता येईल असं विचारा. धाकटीला: किती जणांनी उचलून आणलं? मधल्याला: दारातून का नाही आले? येशू त्या माणसाला पहिल्यांदा काय म्हणाला? इथं तो थबकेल, कारण ‘ऊठ’ असं त्याला वाटत असतं, आणि वचनात आधी पापांची क्षमा आहे, ऊठ नंतर. मोठीला नवव्या वचनातला येशूचाच प्रश्न विचारा: या दोहोंपैकी कोणतं म्हणणं सोपं? यावर तुमचं उत्तर तयार नसलं तरी चालेल. तेरा वर्षांच्या मुलीला ‘बोअर’ होतं त्याचं कारण बहुतेक वेळा हे असतं, की चार वर्षांच्या मुलीला विचारायचे प्रश्न तिलाही विचारले जातात.

तीन मुलांना तीन प्रश्न रोज नकोत. दोघांना विचारलं तरी पुरे. धाकटी ऐकताना चित्र काढत असेल तर काढू द्या, हात कामात असले की कान उघडे राहतात. ती उठून फिरली तर हाक मारून बसवू नका, बाकीच्यांचा धागा तुटतो.

मराठी वाचनाची रडारड थांबवायची तर गोल बसून ‘आळीपाळीनं एकेक वचन’ ही पद्धत आधी बंद करा. तीत अडखळणारं मूल मोजत बसतं: आपल्या वाट्याला कितवं वचन येणार? तेवढ्याची मनात तयारी करतं, आणि आपली पाळी येईपर्यंत काही ऐकत नाही, झाल्यावरही ऐकत नाही. त्याऐवजी मोठ्यांनी पूर्ण वाचलेल्या उताऱ्यातलं एकच वचन त्यानं पुन्हा वाचायचं, आत्ताच कानावरून गेलेलं. अडला तर मनात तीन आकडे मोजा, मग शब्द सांगून टाका आणि पुढे जा. ‘पुन्हा म्हण’ नको, मोठ्या बहिणीचं हसणं तर अजिबात नको. बाप्तिस्मा, कफर्णहूम, ख्रिस्त असली जोडाक्षरं आधी दोनदा सगळ्यांनी मिळून म्हटली की अडणं निम्म्यावर येतं. महिना-दीड महिन्यानं दोन वचनं द्या. ही मराठीची परीक्षा नाही, हे मोठ्यांनीही लक्षात ठेवलेलं बरं.

यापुढचं जरा स्पष्ट लिहिते. घरोघरी वाचन बंद पडतं ते लांबीमुळे जितकं, तितकंच प्रवचनामुळे. दिवसा भावंडांचं भांडण झालेलं असतं, रात्री नेमकं प्रीतीवरचं वचन निघतं आणि सगळ्यांच्या माना मधल्याकडे वळतात. दोनदा असं झालं की त्याच्या लेखी बायबल उघडणं म्हणजे बोलणी खाणं. त्या दिवशीचा राग त्या दिवशीच, वाचनाच्या आधी मिटवा आणि खूणपट्टीवरचाच उतारा वाचा, प्रसंगाला साजेसा शोधू नका. शिक्षा म्हणून वीसदा वचन लिहायला लावणं तर सोडूनच द्या. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातलं पहिलं वचन, मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावं, घराघरांत तोंडपाठ असतं. चौथं वचन बापांना सांगतं की मुलांना चिडवू नका. ते मात्र कुणाच्या फ्रिजवर चिकटवलेलं दिसत नाही.

चुकलेला दिवस चुकला. दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचायचं नाही, खूणपट्टी आहे तिथूनच पुढे. तक्ता भिंतीवर असला की रिकामे चौकोन रोज टोचतात आणि एक दिवस सगळं घर तिकडे बघायचंच सोडून देतं, म्हणून तक्ता काढून टाका. परीक्षेचे दिवस, पाहुणे, आजारपण यांच्यासाठी एक दोन मिनिटांचा प्रकार ठरवून ठेवा: पाठ असलेलं एक वचन, प्रभूची प्रार्थना, झालं. शून्यापेक्षा हे बरं, कारण जागेवर बसायची सवय मोडत नाही. दिवाळीच्या सुट्टीत गावाला गेलात तर तिथल्या घरची रीत असेल ती पाळा.

डिसेंबरचा एक सापळा आधीच सांगते. लूकचे 24 अध्याय, 1 ते 24 डिसेंबर रोज एक, अशी योजना बरीच फिरते. हिशेब सुरेख बसतो, पण पहिल्याच दिवशी 80 वचनं येतात, येशूचा जन्म 2 तारखेला होऊन जातो आणि नाताळच्या आदल्या रात्री तुम्ही पुनरुत्थान वाचत असता. मुलांचा पार गोंधळ. त्याऐवजी 13 डिसेंबरपासून 24 तारखेपर्यंत बारा लहान तुकडे करा. पहिल्या दिवशी यशया 9:6-7. मग लूक 1:5-25, 26-38, 39-45, 46-56, 57-66, 67-80. त्यानंतर मत्तय 1:18-25. मग लूक 2:1-7, 8-14, 15-20, आणि 24 तारखेला मागी (पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी) लोकांचा उतारा, मत्तय 2:1-12. यात करंज्या-चकल्यांच्या आणि कॅरल्सच्या रात्री बुडणार, म्हणून लूक 1:57-80 गाळायला मोकळीक ठेवा.

पाठांतराला घाई नको. आठवड्याला एकच वचन. स्तोत्र 23ची सहा वचनं, 100ची पाच, 121ची आठ आणि पहिल्या स्तोत्राची सहा, एकूण 25. वर्षाचे उरलेले आठवडे उजळणीला. सोमवारी वचन पाटीवर लिहा आणि रोज दोन-तीन शब्द पुसत जा. शनिवारी पाटी कोरी आणि वचन तोंडात. पाठांतराला एकच भाषांतर ठेवा, तुमच्या चर्चमध्ये वाचलं जातं ते. आजी एक शब्द म्हणतात, अॅपमध्ये दुसरा, संडे स्कूलमध्ये तिसरा, असं झालं की काहीच पक्कं बसत नाही.

मोठीसाठी ती वही. वाचताना आलेले प्रश्न तिनं त्यात लिहायचे. उत्तर माहीत नसेल तर ‘माहीत नाही, रविवारी पाळकसाहेबांना विचारू’ असं सरळ म्हणा आणि खरंच विचारा. तिला शनिवारची बैठक चालवायला द्या: उतारा तिचा, प्रश्न तिचे, तुम्ही उत्तरं द्यायची. एकटीनं वाचायला एस्तेरचे दहा अध्याय सुचवा आणि सांगा, यात देवाचं नाव कुठं येतं ते शोध. (66 पुस्तकांच्या, म्हणजे प्रोटेस्टंट, बायबलमधल्या एस्तेरमध्ये ते एकदाही येत नाही. आधी फोडू नका.) किशोरवयीन मुलींना वाचताना प्रश्न पडावेत असे उतारे आहेत, उत्पत्ती 34 आणि 38, शास्ते 19, 2 शमुवेल 13. ते धाकट्यांसमोर मोठ्यानं वाचायचे नाहीत, पण तिच्यापासून लपवायचेही नाहीत. तिनं विचारलं की दोघी बसून वाचा.

मार्कनंतर योना (चार अध्याय, सात-आठ रात्री), रूथ, मग योसेफाची गोष्ट: उत्पत्ती 37, नंतर 39 ते 50. दावीद आणि गल्याथाला, 1 शमुवेल 17 मध्ये, 58 वचनं आहेत, त्याचे चार भाग करा आणि तिसरा भाग गोफणीच्या आधी तोडा. दानीएलचे पहिले सहा अध्याय घ्या, सातव्यापासून दृष्टांतांची भाषा सुरू होते, ती मुलांना झेपत नाही. कॅथलिक वाचकांनी विचारलं असतं तर एवढंच सांगितलं असतं की रोजच्या मिस्साचं शुभवर्तमान ठरलेलं असतंच, तेच घ्या.

आणि आठ वर्षांच्या मुलाचं बायबल. संपूर्ण बायबल एवढ्यात नको. बारीक टाइप, पातळ कागद, आणि कुठं उघडावं ते कळत नाही. मोठ्या अक्षरांतला मराठी नवा करार घ्या, शक्यतो सोप्या मराठीतला, आणि दुकानातच मार्क दुसरा अध्याय उघडून त्याला चार ओळी वाचून बघू द्या. अक्षरं लागत नसतील तर दुसरी प्रत मागा. मराठी-इंग्रजी समोरासमोर छापलेली प्रत मिळाली तरी या वयात टाळा, नजर आपोआप इंग्रजी पानावर जाते. धाकटीला चित्रांचं गोष्टींचं पुस्तक चालेल. मात्र त्यात शास्त्रात नसलेले संवाद घातलेले असतात, तेव्हा घेण्याआधी एक गोष्ट मुळाशी ताडून बघा. फोनवरचं बायबल ऐकायला छान, स्कूटरवर किंवा स्वयंपाक करताना. जेवणानंतरच्या बैठकीत मात्र फोन नको, वाचताना वरून मेसेज उतरतात आणि मुलं वचनाऐवजी तेच वाचतात. नव्या प्रतीवर नाव आणि तारीख त्याची त्यालाच घालू द्या. आवडलेल्या वचनाखाली पेन्सिलीची रेघ मारायलाही हरकत नाही, फक्त सासूबाईंच्या कानावर आधी घालून ठेवा.